शेलवेज

अक्कलकोट रोडला, डिस्पॅचच्या पत्र्याखाली
माझं टेबल आहे. त्यावर एक कॉम्प्युटर,
शिक्क्याची डबी, आणि दोनशे पानी वही:
डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे आमचे.
उजवीकडं अजून बरंच कोरं आहे.

पहिली तक्रार फिनलंडहून आली, मारयत्ताबाईंची.
'आय ॲम अफ्रेड, मालात थोडी अडचण आहे.'
मी शेठना सांगितलं, बाई घाबरल्यात.
शेठ म्हणाले, त्या कशाला? घाबरायचं तर आपण.
दस्तगीर मास्तर सुताच्या गठ्ठ्यावर बसून म्हणाले,
उनकू लिखो, डरो नक्को.
तसं मी लिहिलंसुद्धा.

संध्याकाळी क्लासात कट्टीबाईंनी ते वाचलं,
चष्मा काढला, पदरानं पुसला,
पुसतच राहिल्या.
मग म्हणाल्या, अगं, ते भिणं नव्हे.
वाईट बातमी उघडी पाठवायची नाही म्हणून
तिच्या अंगावर टाकलेली चादर आहे ती.

वहीत लिहिलं.
'क्वाइट गुड' : लंडनचं गिऱ्हाईक असेल, तर बरं नाही.
अमेरिकेचं असेल, तर छान.
'इंटरेस्टिंग' : ऑर्डर येणार नाही.
'सवडीनं कळवा' : कालच कळवायला हवं होतं.

तसं इंग्रजी आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे.
नायनांना शंभरेक शब्द येतात, सगळे लोखंडाचे.
बीम, बॉबिन, रीड, पिकिंग, जॉबर,
शेलवेज.
शाळा दुसरीपर्यंत, पण मागाचं काही तुटलं
की नेमक्या नावानं हाक मारायचे,
पोरांच्या नावात मात्र गोंधळ.
त्या शंभरात माणसाशी बोलायचा एकही शब्द नव्हता.
मागाला कोण थँक्यू म्हणतं?

अडचण खरी होती. नऊशे टॉवेल, कड सुटलेली.
शेठ म्हणाले, लिही, चूक झाली.
चूक झाली.
घरी आम्ही म्हणतो, तप्पैंदी.
शेजारच्या शिवलिंगव्वा म्हणतात, तप्पायितु.
तिन्ही भाषांत चूक आपली आपण होते,
दूध नासावं तशी, कुणाचं बोट न लागता.
माझं इंग्रजी वाक्य मात्र पुढं सरकेना,
दारातच उभं राहून विचारत होतं : कोणी?

मी लिहिलं, 'वुई'.
शेठनी त्या शब्दावर बोट ठेवलं.
पंख्याकडं बघितलं बराच वेळ.
बोट उचललं.
पाठव, म्हणाले.

मग व्हिडिओवर बोलायचं ठरलं.
एप्रिलची दुपार, आमच्या पत्र्याखाली त्रेचाळीस,
त्यांच्या खिडकीत अजून बर्फ.
मारयत्ताबाई टॉवेल हातात धरून बोलत होत्या
आणि मध्येच थांबल्या.
थांबल्याच.
आपल्याकडं फोनवर एवढी शांतता
म्हणजे लाइन तरी गेली, नाहीतर माणूस.
शेठ खुणा करत होते, बोल काहीतरी,
भाव कमी करतो म्हण.
मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होते.
टॉवेलच्या कडेवरून तो वर गेला, खाली आला, परत वर.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
टेबलाखाली पान उलटल्यासारखं काही वाजलं.

बाई रागावल्या नव्हत्या.
शब्द शोधत होत्या.
त्यांचीही वही होती.

'शेलवेज?' मी म्हटलं,
नायनांकडून मिळाला तसा, न पुसता.
त्यांनी मनातल्या मनात नीट करून घेतला असावा.
येस, म्हणाल्या. येस, येस.
पेन घेतलं आणि विचारलं, स्पेलिंग काय?

ते मला माहीत नव्हतं.
रात्री जेवताना नायनांना विचारलं.
शेंगाची चटणी भाकरीवर घेत म्हणाले,
स्पेलिंग कसलं त्यात?
बोटाला लागतं की.